बांधावरचा मसावि

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडे, बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या ऊस, द्राक्षे व डाळिंबांच्या पट्ट्यात असलेल्या शेळगावात सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर आणि आर या एककांत लिहिलेले असते. परंतु बांधावर, बाजारात किंवा सोयरिकीच्या बोलण्यात ते एकर आणि गुंठ्यांतच सांगितले जाते. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद असा चौरस, म्हणजेच 1089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे मिळून 43,560 चौरस फुटांचा एक एकर होतो. ही 33 फुटांची बाजू इंग्रजी अमदानीतल्या मोजणीच्या 66 फुटी साखळीची निम्मी आहे. शाळेत सहाव्या इयत्तेच्या आसपास भेटणारा आणि पुढे शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंत पाठ न सोडणारा ‘मसावि’ समजून घेण्यासाठी या एका एकरापेक्षा सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

मसावि हे ‘महत्तम साधारण विभाजक’ या नावाचे लघुरूप होय. एखाद्या संख्येने दुसरीला भागले असता बाकी शून्य उरली, तर पहिली संख्या दुसरीची विभाजक ठरते. दोन किंवा अधिक संख्यांना जे विभाजक सामाईक असतात ते साधारण विभाजक, आणि त्यांतला जो सर्वांत मोठा तो महत्तम. व्याख्या इतकी सरळ आहे की ती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती शाब्दिक उदाहरण समोर आल्यावर, कारण तेथे ‘मसावि काढा’ असे कोठेही लिहिलेले नसते आणि गोष्ट खांबांची, केळ्यांची किंवा फरशीची चाललेली असते.

समजा, एक एकराचे शेत 264 फूट लांब आणि 165 फूट रुंद आहे. त्याचे सारखे चौरस वाफे पाडायचे आहेत, एकही तुकडा उरू द्यायचा नाही, आणि वाफा शक्य तितका मोठा हवा आहे. वाफ्याची बाजू लांबीतही पूर्ण वेळा बसली पाहिजे आणि रुंदीतही, म्हणून ती 264 आणि 165 या दोन्ही संख्यांची विभाजक असली पाहिजे. शिवाय ती सर्वांत मोठी हवी असल्यामुळे ती या दोहोंचा मसावि असणार हे उघड आहे. 264 चे मूळ अवयव 2, 2, 2, 3 आणि 11, तर 165 चे 3, 5 आणि 11. (मूळ अवयव म्हणजे ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत असे अवयव.) दोहोंत सामाईक असलेल्या 3 आणि 11 यांचा गुणाकार 33 हा मसावि झाला. लांबीत 8 आणि रुंदीत 5 असे 40 वाफे पडतात, आणि प्रत्येक वाफा नेमका एक गुंठ्याचा निघतो.

आता याच शेताला काटेरी तारेचे कुंपण घालायचे आहे, चारही कोपऱ्यांवर खांब हवेत आणि सगळीकडे दोन खांबांतले अंतर सारखे हवे. पाठ्यपुस्तकातला प्रश्न येथे हमखास ‘खांबांमधील अंतर जास्तीत जास्त किती?’ असा विचारतो आणि 33 फूट या उत्तरापाशी थांबतो. शेताची परिमिती 858 फूट, म्हणून 33 फुटांवर खांब रोवले तर 26 खांब पुरतात. (कुंपण बंद असल्यामुळे जितकी अंतरे तितकेच खांब, बांधाच्या एकाच बाजूला सरळ रांग असती, तर खांब एकाने वाढला असता, आणि परीक्षेत याच एका खांबाने अनेकांचे गुण जातात.) पण 33 फुटांवर खांब असलेल्या कुंपणाची तार मध्ये लोंबते आणि जनावर सहज आत शिरते, हे गावातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणजे गणित बरोबर असूनही उत्तर निरुपयोगी ठरते, आणि नेमक्या या ठिकाणी मसाविचा खरा उपयोग सुरू होतो.

कारण दोन संख्यांचा प्रत्येक साधारण विभाजक हा त्यांच्या मसाविचाही विभाजक असतो. 33 चे विभाजक 1, 3, 11 आणि 33 एवढेच, म्हणून या शेताच्या कुंपणाला पूर्ण फुटांत सारखे अंतर ठेवायचे तर अशी अंतरेही चारच असू शकतात, पाचवे नाही. 10 फूट चालणार नाही, 12 फूटही चालणार नाही. 11 फूट मात्र चालते, आणि तेव्हा 78 खांब लागतात. तारेचा ताण, खांबाची किंमत आणि मजुरी पाहणारा शेतकरी 11 फुटांवर स्थिरावेल हे सांगायला गणितज्ञ लागत नाही, मात्र निवड या चारांतूनच करावी लागेल हे मसाविशिवाय कळत नाही. शाब्दिक उदाहरणांच्या पुस्तकांनी ‘जास्तीत जास्त’ या शब्दांवर इतका भर दिला आहे की मसावि म्हणजे अंतिम उत्तर अशी समजूत होऊन बसली आहे. वास्तविक तो शक्यतांची वरची मर्यादा सांगतो आणि त्या मर्यादेखालची संपूर्ण यादीही हाती देतो.

क्षेत्र तेच राहून आकार बदलला की ही यादी कशी पालटते, तेही पाहण्यासारखे आहे. 330 फूट लांब व 132 फूट रुंद असे शेतही बरोबर एक एकराचेच भरते, पण त्याच्या बाजूंचा मसावि 66 आहे, म्हणून त्यात चार-चार गुंठ्यांचे 10 चौरस बसतात. उलट 363 फूट लांब आणि 120 फूट रुंद असे शेतही तेवढ्याच क्षेत्राचे, तरी त्याच्या बाजूंचा मसावि फक्त 3 आहे. या शेताला सगळीकडे सारख्या अंतराचे कुंपण घालायचा हट्ट धरला तर तीन-तीन फुटांवर 322 खांब रोवावे लागतील, आणि तसे कोणी करणार नाही. लांब बाजूला 11 फुटांचे आणि आखूड बाजूला 10 फुटांचे अंतर ठेवले की 90 खांबांत काम होते आणि कोपरेही साधतात. भावाभावांत वाटण्या होऊन पट्ट्या पडत गेलेल्या जमिनीत दुसऱ्या प्रकारचे आकारच अधिक आढळतात, ही गोष्ट पुस्तकी उदाहरणे रचणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

वाटपाची उदाहरणे तुलनेने सोपी असतात. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरकडे जाते, तेव्हा या पट्ट्यातल्या गावांतून वारकऱ्यांसाठी फराळाची सोय होते. समजा एखाद्या मंडळाजवळ 420 केळी, 315 राजगिऱ्याचे लाडू आणि 525 पाण्याच्या बाटल्या आहेत, आणि काहीही न उरता एकसारख्या पिशव्या भरायच्या आहेत. तिन्ही संख्यांचा मसावि 105 येतो. म्हणजे जास्तीत जास्त 105 पिशव्या होतील आणि प्रत्येकीत 4 केळी, 3 लाडू व 5 बाटल्या पडतील. पाच बाटल्यांचे ओझे कोणता वारकरी वाहील, हा प्रश्न वेगळा. पण 105 हून अधिक पिशव्या एकसारख्या होऊच शकत नाहीत, एवढे निश्चित.

प्रश्न मसाविचा की लसाविचा, याविषयीचा गोंधळ मात्र जुना आहे. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, अर्थात दिलेल्या सर्व संख्यांनी ज्याला पूर्ण भाग जातो अशी लहानात लहान संख्या. हातात असलेल्या मोठ्या राशी लहान सारख्या भागांत फोडायच्या असतील तर मसावि लागतो, आणि लहान ठरावीक टप्पे पुढे जात जात पुन्हा कोठे एकत्र येतील हे शोधायचे असेल तर लसावि. डाळिंबाच्या बागेत दर 8 दिवसांनी फवारणी आणि दर 6 दिवसांनी ठिबकातून खत द्यायचे ठरले असेल, आणि दोन्ही कामे आज एकत्र आली असतील, तर ती पुन्हा 24 दिवसांनी एकत्र येतील. येथे 8 आणि 6 यांचा मसावि 2 काढून काहीच निष्पन्न होत नाही. दोन संख्यांचा गुणाकार त्यांच्या मसावि व लसावि यांच्या गुणाकाराइतका असतो, म्हणजे 8 गुणिले 6 बरोबर 2 गुणिले 24, हा नियम ताळा पाहण्यापुरता उपयोगी पडतो.

मूळ अवयवांची रीत लहान संख्यांना ठीक आहे, पण संख्या वाढल्या की अवयव शोधण्यातच वेळ जातो. त्याहून चांगली रीत ग्रीक गणितज्ञ युक्लिड याने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास रचलेल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या खंडाच्या आरंभीच आहे. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागावे. जी बाकी येईल तिने आधीच्या भाजकाला भागावे. असे बाकी शून्य येईपर्यंत करावे, आणि शेवटचा भाजक हाच मसावि. 264 ला 165 ने भागता 99 उरतात, 165 ला 99 ने भागता 66, 99 ला 66 ने भागता 33, आणि 66 ला 33 ने पूर्ण भाग जातो. चार भागाकारांत काम संपते आणि अवयव पाडावे लागत नाहीत. गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने 1844 मध्ये असे सिद्ध केले, की या रीतीत भागाकारांची संख्या लहान संख्येतील अंकांच्या पाचपटीहून कधीच जास्त होत नाही. दोन अंकी संख्या असेल तर फार तर दहा. बँकेच्या व्यवहारांना संरक्षण देणाऱ्या संकेतलेखनात शेकडो अंकी संख्यांवर संगणक हीच रीत चालवतात, ते या वेगामुळेच.

ही रीत बरोबर का, हे पुन्हा त्या एकराकडे पाहिले की दिसते. 264 फूट लांब आणि 165 फूट रुंद शेतातून आधी 165 फुटी चौरस वेगळा काढावा; उरलेली पट्टी 99 फुटांची राहते. तिच्यातून 99 फुटी चौरस काढला की 99 बाय 66 चा तुकडा, त्यातून 66 फुटी चौरस काढला की 66 बाय 33 चा तुकडा उरतो, आणि त्याचे 33 फुटी दोन चौरस बरोबर होतात. जी लांबी मूळ शेताच्या दोन्ही बाजूंना पुरती मोजते ती वजाबाकीनंतर उरलेल्या प्रत्येक तुकड्यालाही मोजतेच, आणि जी शेवटच्या तुकड्याला मोजते ती उलट चढत जाऊन पहिल्या शेतालाही मोजते. म्हणून भागाकार कितीही झाले तरी साधारण विभाजक तेच टिकतात. हे चित्र एकदा जमिनीवर खडूने काढून पाहिले की व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

परीक्षांत अधिक फसवणारा प्रकार बाकी उरणाऱ्या उदाहरणांचा. समजा शाळेत 187 वह्या आणि 130 पेन्सिली मुलांना सारख्या वाटल्या, तेव्हा 7 वह्या आणि 10 पेन्सिली शिल्लक राहिल्या. तर मुले जास्तीत जास्त किती? शिल्लक आधी बाजूला काढली की 180 वह्या आणि 120 पेन्सिली पूर्ण वाटल्या गेल्या असे होते आणि त्यांचा मसावि 60 मिळतो. येथे आणखी एक अट लपलेली असते: मुलांची संख्या प्रत्येक बाकीपेक्षा मोठी असली पाहिजे, नाहीतर उरलेल्या पेन्सिलींची आणखी एक फेरी झाली असती. म्हणून 60 च्या विभाजकांपैकी 10 हून मोठे, म्हणजे 12, 15, 20, 30 आणि 60 एवढ्याच पटसंख्या संभवतात. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द प्रश्नातून काढून टाकून ‘वर्गात 25 हून अधिक आणि 40 हून कमी मुले आहेत’ अशी माहिती दिली, तर उत्तर 30 येते, आणि असा प्रश्न विद्यार्थ्याची समज निश्चितच अधिक तपासतो.

याहून सुंदर उदाहरण बाकी माहीतच नसते तेव्हाचे. डाळिंबांच्या तीन ढिगांत अनुक्रमे 148, 220 आणि 328 फळे आहेत. प्रत्येक ढीग स्वतंत्रपणे सारख्या खोक्यांत भरला असता प्रत्येक वेळी सारखीच फळे उरतात, पण किती ते कळलेले नाही. दोन ढिगांची वजाबाकी केली की ती अज्ञात बाकी दोन्हीकडून उडते, आणि फरकाला खोक्याच्या मापाने पूर्ण भाग गेला पाहिजे. फरक 72, 108 आणि 180. त्यांचा मसावि 36. म्हणजे खोके फार तर 36 फळांचे, आणि प्रत्येक ढिगात 4 फळे उरतात. खोके 12 फळांचे असले तरी हिशेब तितकाच चोख जुळतो, कारण 12 हा 36 चा विभाजक आहे, आणि व्यवहारात 36 डाळिंबांच्या जड खोक्यापेक्षा तेच बरे.

एकके सारखी करून घेण्याकडे दुर्लक्ष झाले की सगळा हिशेब बिघडतो, आणि हे घराच्या फरशीवर लगेच उघडे पडते. 12 फूट बाय 10 फुटांच्या खोलीचा मसावि इंचांत काढला, तर 144 आणि 120 यांचा 24 येतो, म्हणून दोन फुटी चौरस फरशी 30 नगांत बसते. तीच खोली साडेबारा फूट लांब असली तर संख्या 150 आणि 120 होतात, मसावि 30 वर जातो, आणि 12 इंची किंवा 24 इंची यांपैकी कोणतीही फरशी तुकडा न करता बसत नाही. अर्ध्या फुटाने एवढा फरक पडतो. त्यातही बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी फरशी प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांहून जवळजवळ एक सेंटिमीटरने आखूड असते. परिणामी 12 फुटांत सहा फरश्या लावल्यावर पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास जागा उरते, ती काही सांध्यांत जाते आणि काही भिंतीकडेच्या पट्टीखाली. कुशल गवंडी हे जाणून असतो आणि कापलेले तुकडे दारासमोर न येता खोलीच्या मागच्या कडेला जातील अशी सुरुवात करतो. पूर्ण संख्यांचे गणित त्याला दिशा देते, माप मात्र टेपच सांगतो.

मसाविचे आणखी एक काम पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. एखाद्याजवळ 6 लिटरचे आणि 4 लिटरचे अशी दोनच मापे आहेत आणि मोठ्या भांड्यात दूध ओतून व काढून ठरावीक दूध मोजायचे आहे. 2 लिटर मिळतात, कारण 6 ओतून 4 काढता येतात. 8, 10, 14 लिटरही मिळतात. पण 7 लिटर कधीच मिळणार नाहीत, कितीही खटपट केली तरी, कारण प्रत्येक ओतणे आणि काढणे 2 च्या पटीत होते. मापे 5 आणि 3 लिटरची असती तर त्यांचा मसावि 1 असल्यामुळे कोणतेही पूर्ण लिटर मोजता आले असते: दोनदा 5 ओतून तीनदा 3 काढले की 1 लिटर उरतो. ज्या दोन संख्यांचा मसावि 1 असतो त्यांना सहमूळ संख्या म्हणतात.

हाच विचार भारतीय गणितात ‘कुट्टक’ या नावाने फार पूर्वी विकसित झाला. आर्यभटाने 499 मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात त्याची रीत आढळते, आणि भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त तिला स्वतंत्र प्रकरण आहे. 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे लिहून ठेवले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

कुट्टकाच्या आरंभी भास्कराचार्य सांगतात ते असे, की दिलेल्या राशींना एकमेकींनी भागत जाऊन शेवटी जो भाजक उरतो तो त्यांचा अपवर्तनांक, म्हणजेच मसावि, आणि त्याने छाटून राशी आधी लहान कराव्यात. त्यांचे पहिले उदाहरण असे आहे: 221 ला कोणत्या संख्येने गुणून 65 मिळवले असता बेरजेला 195 ने पूर्ण भाग जाईल? 221 मधून 195 वजा करता 26 उरतात, 195 ला 26 ने भागता 13 उरतात, आणि 26 ला 13 ने पूर्ण भाग जातो. म्हणून मसावि 13. त्याने तिन्ही संख्या छाटल्या की प्रश्न एवढाच राहतो: 17 च्या कितव्या पटीत 5 मिळवले असता 15 ने भाग जातो? 5 पट घेतली तर 85 अधिक 5 म्हणजे 90, आणि भागाकार 6. पुढची उत्तरे 15 च्या टप्प्याने मिळत जातात: 20 घेतले तर भागाकार 23, 35 घेतले तर 40.

या उदाहरणात 65 ही संख्या सहज निवडलेली नाही. 221 आणि 195 यांना भागणारा 13 हा 65 लाही भागतो, म्हणून प्रश्नाला उत्तर आहे. त्याजागी 66 घेतले असते तर 221 ची कोणतीही पट 13 च्या पटीत राहिली असती, 66 मुळे त्यात 1 ची बाकी उरली असती, आणि 195 ने पूर्ण भाग जाणे कोणत्याही गुणकाला शक्य झाले नसते. अशा उदाहरणाला भास्कराचार्य ‘दुष्ट’, म्हणजे मुळातच सदोष, ठरवतात, आणि ते सोडवायला न घेता विचारणाऱ्याकडे परत करता येते.